सही कुणाची?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजचा विषय कागदाचा आहे, सहीचा आहे. बाईच्या आयुष्यात सह्या काही कमी नसतात. रेशनचा अर्ज, बचतगटाचं रजिस्टर, मुलांच्या शाळेचे दाखले, आणि वडील गेल्यावर भावांना लिहून दिलेलं हक्कसोडपत्र. "इथं सही कर" म्हणून कुणी बोट ठेवलं की आपण करतो. वाचतो कधी, बहुतेक वेळा वाचत नाही. पण एक जागा अशी आहे की तिथे सगळं उलटं होतं. शरीर आपलं, दुखणं आपलं, आणि सही मात्र दुसऱ्याची. ती जागा म्हणजे दवाखाना.

बाई खाटेवर बसलेली असते, शुद्धीत असते, चांगली बोलत असते. सिस्टर बाहेर येऊन विचारते, "पेशंटबरोबर कोण आहे? मिस्टर कुठायत?" मिस्टर नसले तर दीर चालतो, दीर नसला तर काल मिसरूड फुटलेला मुलगा चालतो. कारण फॉर्मवर 'नातेवाईकाची सही' असा रकाना आहे. ज्या बाईने त्या मुलाला जन्म दिला, तिच्या पोटाचं काय करायचं ते त्याने ठरवायचं!

यातून दोन प्रश्न निघतात आणि ते वेगवेगळे ठेवले पाहिजेत. मी शुद्धीत असताना सही कुणाची? आणि माझी शुद्ध गेली, मला बोलता येईनासं झालं, तर माझ्या वतीने कुणी बोलायचं? पहिल्या प्रश्नाला कायद्याचं उत्तर स्वच्छ आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अलीकडे मिळालं आहे, आणि तेही अर्धंच.

शुद्धीत असताना

अठरा वर्षं पूर्ण झालेली, समज असलेली बाई आपल्या उपचाराला स्वतः संमती देते. तिची संमती असेल तर नवऱ्याच्या सहीची गरज नाही, आणि तिची संमती नसेल तर नवऱ्याच्या दहा सह्यांनी काम भागत नाही.

गर्भपाताचा १९७१ चा कायदा हेच सांगतो. प्रौढ बाईच्या बाबतीत फक्त तिची संमती लागते. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२२ मध्ये अविवाहित स्त्रियांनाही विवाहितांइतकाच हक्क आहे असा निकाल दिला. कायद्यात नसलेल्या अटी, म्हणजे घरच्यांची संमती वगैरे, डॉक्टरांनी घालू नयेत असंही त्यात बजावलं. नसबंदीच्या सरकारी नियमांतही जोडीदाराची संमती आवश्यक नाही. तरी आपल्यातल्या किती जणींना "मिस्टरांना घेऊन या" म्हणून परत पाठवलं गेलं, ते जेवणाच्या सुट्टीत एकमेकींना विचारून बघा.

एक खटला लक्षात ठेवण्यासारखा आहे. दिल्लीतल्या समीरा कोहली, वय ४४, अविवाहित. मे १९९५ मध्ये त्या तपासणीसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून घ्यायला गेल्या. कागदावर त्यांनी तेवढ्यापुरतीच सही केली होती, फार तर पोट उघडावं लागेल असं त्यात होतं. भूल दिल्यावर सहायक डॉक्टर बाहेर आल्या, बसलेल्या आईची सही घेतली, आणि गर्भाशय व बीजाशयं काढून टाकली. समीरा कोहली लढल्या. राष्ट्रीय ग्राहक आयोगात हरल्या, तरी थांबल्या नाहीत. १६ जानेवारी २००८ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की रुग्ण प्रौढ आहे, समर्थ आहे, थोड्या वेळासाठी भूल दिलेली आहे, तेव्हा तिच्या आईची संमती ही तिची संमती नव्हे. जीव वाचवण्यासाठी थांबणं अशक्यच असेल तेवढा अपवाद. नाहीतर तिला शुद्धीवर येऊ द्या आणि तिला विचारा. भरपाई मिळाली अवघी २५,००० रुपये, आणि डॉक्टरांची फी बुडाली. रक्कम नगण्य आहे, पण तत्त्व मोठं आहे. आईसुद्धा नाही, तर मग नवरा आणि दीर कुठले!

आणि जिवावर बेतलेलं असेल, अपघात असेल, तर सहीवाचून अडवायचं नाही. तातडीचे उपचार आधी, सोपस्कार मागाहून, असं सुप्रीम कोर्टाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगितलं आहे.

बोलता येत नसेल तेव्हा

आता दुसरा प्रश्न. इथे अरुणा शानबागचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातली परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातल्या सफाई कामगाराने गळ्याला कुत्र्याची साखळी आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूला इजा झाली आणि ती परत कधी बोलली नाही. १८ मे २०१५ रोजी ती गेली. एक्केचाळीस वर्षांहून जास्त काळ के.ई.एम.च्या परिचारिकांनी, एका पिढीमागून दुसऱ्या पिढीने, तिला सांभाळलं. त्या सेवेपुढे आपण सगळ्यांनीच मान लववली पाहिजे.

पिंकी विराणी यांनी सुप्रीम कोर्टात जाऊन तिला या अवस्थेतून सोडवा असं म्हटलं. परिचारिका म्हणाल्या, नाही, ती आमची आहे, ती जगेल. ७ मार्च २०११ च्या निकालात कोर्टापुढे मोठा प्रश्न हाच होता की अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा. कोर्टाने तो के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांना दिला. कोण बरोबर होतं यावर आपल्यात दोन मतं असतील आणि असू देत. मी एवढंच म्हणते की सगळे तिच्याविषयी बोलत होते, ती स्वतः काय म्हणाली असती हे सांगणारा कागद कुणाजवळ नव्हता. कसा असणार? ती पंचविशीची होती. पंचविशीत असं काही कोण लिहून ठेवतं?

त्याच निकालातून वाद पुढे गेला. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सांगितलं की सन्मानाने मरण येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणून प्रौढ व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते की बरं होण्याची आशा नसेल तेव्हा मला कुठले उपचार नकोत, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. याला कुणी लिव्हिंग विल म्हणतात; आपण वैद्यकीय इच्छापत्र म्हणू. मृत्युपत्राशी याची गल्लत करू नका. मृत्युपत्र आपण गेल्यानंतर उघडतात, हे आपण असतानाच उघडायचं आहे. इंजेक्शन देऊन मारा असं यात लिहिता येत नाही. ते आपल्याकडे आजही गुन्हा आहे. नको असलेले उपचार थांबवा, एवढंच लिहिता येतं.

पण २०१८ ची पद्धत इतकी किचकट होती की कागद करणं दूरच राहिलं. दोन साक्षीदार हवेत आणि वर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी. गावाकडची बाई साध्या मारहाणीच्या तक्रारीसाठी न्यायदंडाधिकाऱ्यापर्यंत पोचत नाही, ती यासाठी पोचणार? २४ जानेवारी २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने ही अट काढली.

आता काय लागतं

लिहून घ्या. करणारी प्रौढ हवी, शुद्धीत हवी, आणि स्वखुशीने करत असावी. कागद लेखी हवा. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत हे स्पष्ट हवं. "मला त्रास देऊ नका" एवढं लिहून भागत नाही. मजकूर संदिग्ध असेल तर डॉक्टरांचं मंडळ तो बाजूला ठेवतं. आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसाचं नाव हवं. २०२३ पासून एकाहून जास्त नावं देता येतात. ती जरूर द्या, कारण एक गावाला गेलेली असली तर दुसरी हवी.

मग सही. दोन साक्षीदारांसमोर आपण सही करायची, ते साक्षीदार सही करतील, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी साक्षांकित करेल. नोटरी तालुक्याच्या कोर्टाबाहेर भेटतो. तहसीलदार राजपत्रित अधिकारी असतात. निकालात स्टॅम्पपेपरची अट नाही, वकिलाची नाही, इंग्रजीचीही नाही. मराठीत लिहा.

सही येत नाही तिचं काय? आपल्याकडे 'निशाणी डावा अंगठा' कागदोपत्री चालत आली आहे, आणि १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा कायद्याप्रमाणे लिहिता न येणाऱ्या माणसाची निशाणी ही सहीच असते. मात्र अंगठा असेल तर कागद वाचून दाखवला, समजावला, असा शेरा साक्षीदारांनी खाली लिहावा.

कागदाची एक प्रत नाव दिलेल्या माणसांना द्यायची, नेहमीचे डॉक्टर असतील तर त्यांना, आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. हा अधिकारी बऱ्याच ठिकाणी नेमलेलाच नव्हता. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी त्यासाठी उच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा महाराष्ट्रात नेमणुका सुरू झाल्या. गोव्यात २०२४ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं. म्हणजे कागद नुसता निकालपत्रात राहिलेला नाही. तुमच्या नगरपालिकेत जाऊन विचारा, "हा अधिकारी कोण?" माहीत नाही म्हणाले तर अर्ज द्या आणि पोच घ्या.

इच्छापत्र कधीही रद्द करता येतं, बदलता येतं. दोन असतील तर शेवटी सही केलेलं धरतात. आणि कागद दाखवला म्हणून लगेच कुणी नळ्या काढत नाही. आधी रुग्णालयाचं मंडळ बघतं, त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर असतो. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. दोन्ही मंडळांचं जमलं तर न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं, आणि मगच पुढे. वाद झाला तर उच्च न्यायालयाचं दार उघडं आहे.

साक्षीदार म्हणजे कोण?

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? माझ्या सहीने भागू नये का? मैत्रिणींनो, हक्कसोडपत्र आठवा. त्यावर बहिणीची सही खरीच असते. साक्षीदारही असतात, दोन्ही भावाकडचे. सब-रजिस्ट्रार विचारतो, "स्वखुशीने देता ना?" मागे भाऊ उभा, बाजूला भावजय, आणि माहेर तुटायची भीती. बहीण "हो" म्हणते. कागद कायदेशीर होतो. मी वकिली करते, असे कागद रोज बघते. सहीवरून हात कुणाचा ते कळतं, त्या हातावर जोर कुणाचा होता ते कळत नाही.

आता तेच या कागदाला लावून बघा. सत्तर वर्षांची विधवा, मुलाच्या घरात राहते. तिच्या औषधांचा खर्च घरात रोज बोलून दाखवला जातो. एक दिवस तिच्यापुढे कागद ठेवला: "आई, उगाच हाल नकोत, नाही का?" ती काय म्हणेल? आपल्याकडे बाईला शेवटची गोळीसुद्धा घरात सगळ्यांची झाल्यावर मिळते. तिथे 'मला उपचार नकोत' हे वाक्य तिचं की घराचं, हे तपासायला नको? आपला हक्क म्हणून जो कागद आपण मागतो, तो आपल्याच आजीच्या गळ्याचा फास होऊ शकतो. म्हणून मी सहीच्या अटींकडे कटकट म्हणून बघत नाही. त्या अटी नीट पाळल्या तरच त्या कागदाला अर्थ आहे.

साक्षीदारांनी आणि नोटरीने नुसती सही ठोकायची नसते. हे दडपणाशिवाय, आमिषाशिवाय, परिणाम समजून केलं आहे अशी आपली खात्री झाली, असं त्यांना नोंदवायचं असतं. आणि साक्षीदार शक्यतो स्वतंत्र असावेत असं निकालात म्हटलं आहे. कोर्टाने 'शक्यतो' म्हटलं, आपण 'नक्की' म्हणू या. घरातलं कुणी नको. वारस नको. जिचं नाव बोलण्यासाठी दिलं तीही साक्षीदार नको. हा कायदा नाही, हा आपला नियम. कारण नोटरीकडे रांग असते, त्याला दोन मिनिटं असतात. खरी चौकशी साक्षीदारच करू शकतात.

म्हणून माझी सूचना अशी की आपल्या गटांनी साक्षीदार व्हावं. बाईला एकटीला भेटा, घरच्यांना बाहेर चहा प्यायला पाठवा. तिच्या बोलीत कागद वाचून दाखवा. मग तो बाजूला ठेवून तिला सांगायला लावा, "यात काय लिहिलंय ते मला तुझ्या शब्दांत सांग." तिला सांगता आलं नाही तर सही करू नका, परत या. ती म्हणाली, "मला सगळे उपचार हवेत, काही थांबवू नका," तर तेही तिचंच म्हणणं आहे. तेही ऐकून घ्या, आणि घरच्यांसमोर तिच्या बाजूने उभ्या राहा.

नातं नसलेली माणसं

हा कागद सगळ्यात जास्त गरजेचा आहे तो ज्यांना 'मिस्टर' नाहीत त्यांना. परित्यक्ता, अविवाहित, विधवा, आणि एकमेकींबरोबर संसार करणाऱ्या स्त्रिया. आमच्याकडे आलेली एक बाई सांगते. नवऱ्याने टाकून वीस वर्षं झाली, घटस्फोट झालेला नाही. मैत्रिणीबरोबर एका खोलीत राहते, दोघी मिळून पोळीभाजी केंद्र चालवतात. हिला दवाखान्यात नेलं तेव्हा त्या मैत्रिणीला सांगितलं, "तुम्ही कोण? नवऱ्याला बोलवा." वीस वर्षं ज्याने तोंड पाहिलं नाही तो नातेवाईक, आणि रात्रभर उशाशी बसलेली परकी.

निकालाचे शब्द 'पालक किंवा निकटचे नातेवाईक' असे आहेत. त्यातला 'किंवा' आपल्या कामाचा आहे. मैत्रिणीचं नाव देता येतं, आणि नाव दिलं की ती परकी राहत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क दिला नाही. त्यामुळे अशा दोघींसाठी तर हा कागद करून ठेवणं अगत्याचं आहे.

मानसिक आजाराचा वेगळा कायदा आहे, तोही सांगते, कारण आपल्याकडे नको झालेल्या बायकोला 'वेडी' ठरवून पाठवण्याचा इतिहास आहे. १९८७ च्या कायद्यात नवरा किंवा नातेवाईक तिला दाखल करण्यासाठी अर्ज करत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. त्याच्या १४ व्या कलमाप्रमाणे आपण आपला प्रतिनिधी नेमू शकतो. साध्या कागदावर, आपल्या सहीने किंवा अंगठ्याने. नोटरी नको, काही नको. हे सोपं असून आपल्यातल्या फार थोड्या जणींना माहीत आहे. ज्यांच्यावर नवऱ्याकडून असा दबाव आहे त्यांना हे आधी सांगा.

कागद कुठे अपुरा पडतो

भाबडेपणा नको, म्हणून तेही बोलू. इच्छापत्र लागू होतं ते आजार बरा होण्याची आशा संपलेली असते, उपचार लांबत चाललेले असतात आणि आपल्याला निर्णय घेता येत नाही तेव्हाच. अपघातात महिनाभर शुद्ध गेली आणि शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा आहे, तिथे हा कागद पुरत नाही. काही जणी म्हणतात, मग मैत्रिणीला मुखत्यारपत्र देऊन ठेवते. १८७२ च्या करार कायद्याचं २०१ वं कलम सांगतं की मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवशी गरज, त्याच दिवशी कागद निकामी! बेशुद्ध नवऱ्याच्या बँकेतून उपचाराचे पैसे काढण्यासाठी बायकांना उच्च न्यायालयात जाऊन स्वतःला पालक नेमून घ्यावं लागलं आहे. सर्व उपचारांसाठी आपला प्रतिनिधी नेमता येईल असा कायदा हवा, साध्या कागदावर, मानसिक आरोग्याच्या कायद्यात आहे तसा. ही मागणी आपण स्त्रियांच्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. तोपर्यंत दाखल होताना "माझ्याविषयी हिला विचारा" असं डॉक्टरांना लिहून द्या आणि केसपेपरला लावायला सांगा. त्यामागे इच्छापत्राइतकं बळ नाही, पण अडवणाऱ्याला उत्तर द्यायला हातात काहीतरी राहतं.

आणखी एक. ज्या गावात रात्री डॉक्टर नाही, जिथे व्हेंटिलेटर पाहिलेलाच नाही, तिथे 'उपचार नाकारण्याचा हक्क' ऐकून बाया हसतील. त्यांचं हसणं बरोबर आहे. उपचार मिळण्याचा हक्क आणि नाकारण्याचा हक्क एकाच लढ्यात राहिले पाहिजेत. पहिला सोडून नुसता दुसरा मागितला तर त्याचा फायदा सरकार घेईल आणि घरंही घेतील.

आता काम. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने दोन नावं ठरवून यावं. मला बोलता आलं नाही तर जी माझ्यासाठी बोलेल तिचं, आणि ती नसेल तर दुसरीचं. त्यांना आधी विचारा, कारण हे ओझं आहे. मग बसून बोला: मला काय हवंय, कशाची भीती वाटते, कुठवर झुंजायचं. कागद नंतर होईल, नोटरीही सापडेल. पण हे बोलणं झालेलं नसेल तर कोणतीच सही उपयोगाची नाही.